सातव्या सामन्याची खरी प्रत

हेडक्लार्कांच्या हातात एकोणतीस वर्षं एकच शिक्का होता: ‘मूळ प्रतीबरहुकूम’. सरकारी अभिलेख कचेरीतल्या नकला विभागाचे ते प्रमुख. जुना दस्त असो, जन्माची नोंद असो, नाहीतर कुणाच्या विहिरीचा नकाशा असो, मूळ कागद डावीकडे, नक्कल उजवीकडे, मधे लाकडी पट्टी, आणि ओळीन् ओळ बोटानं चाचपल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कधी शिक्का उठवला नाही. एकदा मूळ कागदावर झुरळ चिरडल्याचा डाग होता, तर त्यांनी नकलेच्या समासात ‘येथे झुरळ’ असं लिहून खाली सही केली होती. वरिष्ठ हसले. हेडक्लार्कांनी ते मनाला लावून घेतलं आणि आठ दिवस कचेरीतला चहा घेतला नाही.

असा हा माणूस एका बुधवारी अर्धी रजा टाकून लग्नाचे व्हिडिओ जोडून देणाऱ्या दुकानात शिरला, आणि मागे कुणी नाही हे दोनदा बघून हळूच म्हणाला, “एक खोटी नक्कल करून हवी होती.”

सुरुवात लेकीनं केली होती. त्या घरात बहुतेक गोष्टींची सुरुवात लेक करते आणि निस्तरायला हेडक्लार्क असतात. नानांना, म्हणजे हेडक्लार्कांच्या वडिलांना, त्या रविवारी ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. लेक फोन नाचवत आली. “बाबा, आजोबांचा सातवा सामना सापडला! अख्खा. जुनं प्रक्षेपण जसंच्या तसं कुणीतरी इंटरनेटवर टाकलंय, मधल्या जाहिरातींसकट. शेवट मी मुद्दाम बघितला नाही, आजोबांबरोबरच बघणार. रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये पडद्यावर लावू या. सगळ्यांना बोलावू!”

हेडक्लार्कांनी हातातला कप बशीऐवजी वर्तमानपत्रावर ठेवला. लेकीला वाटलं, बाबा हरखले.

‘सातवा सामना’ म्हणजे काय, हे त्या इमारतीत कुणाला विचारायची सोय नव्हती. विचारलं की नाना सांगायला बसत. नाना वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. भल्याभल्या व्यापाऱ्यांचे काटे त्यांना बघून आपोआप सरळ होत. उंची पाच फूट तीन इंच. कॉलेजात बास्केटबॉलचं वेड, पण संघात घेणार कोण? मग त्यांना टेबलाशी घड्याळ धरून बसवलं, आणि नानांनी तेही काम असं केलं की पंचसुद्धा त्यांना विचारून शिट्टी वाजवत. पुढे केबलवर दूरच्या देशातल्या व्यावसायिक लीगचे सामने दिसू लागले आणि नानांनी हिरव्या बनियनची एक टीम आपली मानली. त्या टीममध्ये एक डावखुरा होता. त्याचं खरं नाव नानांना कधी नीट उच्चारता आलं नाही, म्हणून तो ‘डावऱ्या’.

आणि नानांची गोष्ट अशी: फायनल. दोन्ही टीम तीन तीन सामने जिंकलेल्या. सातवा सामना, चार सेकंद उरलेत, हिरवे एका गुणानं मागे. बॉल डावऱ्याकडे. समोर दोन ताडमाड माणसं. डावऱ्या उडाला, बॉल सोडला, बॉल कडीवर बसला, एकदा फिरला, दोनदा फिरला, “आणि आत!” इथे नाना टाळी वाजवायचे. मग समोरच्याच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणायचे, “चार सेकंद पुष्कळ असतात. समजलं?”

समजायचं सगळ्यांना. वरच्या मजल्यावरच्या इन्शुरन्सवाल्यांनी ही गोष्ट ऐकून पन्नाशीला नोकरी सोडली आणि एजन्सी घेतली. शिवणकाम करणाऱ्या काकूंचा मुलगा तीनदा नापास होऊन चौथ्यांदा परीक्षेला बसला तो याच गोष्टीवर. खुद्द हेडक्लार्कांच्या लेकीनं बारावीच्या गणिताला जाताना हाताच्या तळव्यावर पेनानं ‘४’ लिहिला होता, आणि पर्यवेक्षकांना ते समजावताना पहिली दहा मिनिटं गमावली होती. सोसायटीच्या पाण्याचा पंप बंद पडला तरी लोक म्हणत, “अजून चार सेकंद आहेत.”

सगळ्या इमारतीला पोसणारी ही गोष्ट खोटी होती. आणि ते पृथ्वीच्या पाठीवर फक्त हेडक्लार्कांना ठाऊक होतं, म्हणजे त्या दूरच्या देशातली काही कोटी माणसं सोडून.

झालं होतं असं. सव्वीस वर्षांपूर्वी नानांच्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन करून डॉक्टरांनी डोळ्यात हवेचा फुगा भरला आणि सांगितलं, तीन आठवडे पालथं झोपायचं, मान खाली, म्हणजे फुगा पडद्याला टेकून राहील. दुसरा डोळा मोतीबिंदूनं नावापुरताच उरलेला. शिंकायचं नाही, खोकायचं नाही, आणि रडायचं तर मुळीच नाही. आता रडायचं नाही हे सांगायला सोपं, पण हेडक्लार्कांची आई जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते आणि नाना त्या अकरा महिन्यांत एकदाही हसले नव्हते. नेमकी त्याच तीन आठवड्यांत फायनल आली. समालोचकांची भाषा नानांना कळे, वेग झेपत नसे. मग अठ्ठावीस वर्षांचा मुलगा रोज सकाळी दिवाणाजवळ बसून सामना बघू लागला आणि पालथ्या वडिलांना मराठीत सांगू लागला. त्याआधी दोघांचं बोलणं ‘गॅस बंद केला का’ याच्या पलीकडे फारसं जात नसे.

सहा सामने त्यानं जसेच्या तसे सांगितले. चौथा हरले तेव्हा नानांची उशी भिजली आणि डॉक्टर दोघांवरही ओरडले. सातव्या सामन्यात डावऱ्याचा बॉल कडीवर एकदा फिरला, दोनदा फिरला आणि बाहेर पडला. दिवाणावरून नानांचा आवाज आला, “काय झालं? अरे बोल ना! काय झालं?”

“आत!” मुलगा ओरडला. “आत गेला नाना! जिंकलो!”

आणि उशीत तोंड खुपसलेले नाना हसायला लागले. अकरा महिन्यांनी.

पुढचं सगळं ओघानं आलं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात खेळाच्या पानावर दोन ओळींची बातमी होती. मुलानं ती ब्लेडनं कापली आणि मागच्या बाजूच्या ‘हरवले आहेत’च्या जाहिरातीतला एक गृहस्थ त्यामुळे कायमचा हरवला. नानांना दिसायला लागायच्या आत केबलवाल्याला गाठून ते चॅनलच पॅकेजमधून काढायला लावलं. नानांनी चौकशी केली तेव्हा “दिसत नाही आता आपल्याकडे” असं सांगितलं. हे वाक्य शब्दशः खरं होतं. हेडक्लार्क अशा बाबतीत फार काटेकोर.

तर आता सातवा सामना पडद्यावर येणार होता आणि नानांचे दोन्ही डोळे उत्तम चालत होते.

हेडक्लार्कांनी आधी बायकोला सांगून बघितलं. ती कणीक मळत होती. सगळं ऐकून म्हणाली, “मला कशाला सांगता? नानांना सांगा.”

“नानांना सांगण्यासारखं असतं तर तुला कशाला सांगितलं असतं?”

“मग भोगा,” ती म्हणाली. पण मळणं तिनं थांबवलं होतं, आणि हेडक्लार्क दाराशी पोचल्यावर मागून म्हणाली, “बिचारे.” हे कुणाला उद्देशून, ते तिनं सांगितलं नाही.

मग त्यांनी नियमांवर भिस्त ठेवली. हॉल मिळवायचा तर सेक्रेटरींकडे अर्ज करावा लागे, आणि अर्जात ‘प्रयोजन’ या रकान्यापुढे लग्न, बारसं आणि सभा एवढेच तीन पर्याय होते. बास्केटबॉल त्यात बसत नव्हता. हेडक्लार्क मोठ्या आशेनं गेले आणि म्हणाले, “नियमात बसत नसेल तर राहू द्या हं. माझा अजिबात आग्रह नाही.”

सेक्रेटरी दुखावले. “नानांसाठी नियम आड येईल? आपण सभा म्हणून दाखवू!” आणि त्यांनी तिथल्या तिथे कार्यक्रमपत्रिका लिहून सूचनाफलकावर लावली: ‘विषय क्र. १: मागील सामन्याचे इतिवृत्त पाहून कायम करणे. विषय क्र. २: अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणारे विषय.’ खाली टीप: ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल व गणपूर्तीची अट राहणार नाही.’ म्हणजे तेही दार बंद झालं. इन्शुरन्सवाले प्रोजेक्टर आणणार म्हणाले. शिवणकामवाल्या काकूंनी पडद्यासाठी पांढरी चादर शिवायला घेतली. हेडक्लार्क जिन्यात दिसले की जो तो पाठ थोपटून म्हणे, “भाग्यवान हो तुम्ही! तुम्ही तो प्रत्यक्ष पाहिलात.” भाग्यवान माणूस रात्रंदिवस भाजून निघत होता.

अशा रीतीनं तो बुधवार उगवला आणि मूळ प्रतीबरहुकूमचा धनी व्हिडिओच्या दुकानात जाऊन बसला.

दुकानदार पोट सुटलेला, शांत माणूस होता. खोटी नक्कल म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. “साहेब, माझा धंदाच तो आहे. नवरदेव कंटाळलेला असतो, मी हसवतो. पाहुणे दीडशे आलेले असतात, मी पाचशे दाखवतो. बोला, काय करायचंय?”

“एक बॉल आत घालायचाय.”

दुकानदारानं शेवटची दोन मिनिटं चार वेळा बघितली. पहिल्या अर्ध्यातला डावऱ्याचा एक अस्साच बॉल सापडला, तो शेवटाला जोडला. समोरची टीम आनंदानं नाचत होती, ती कापली. त्याच्या जागी आदल्या सामन्यातले नाचणारे हिरवे आले. गुणफलकाच्या पट्टीवर त्यानं एक सोनेरी वेलबुट्टी टाकली. “ही कशाला?” हेडक्लार्कांनी विचारलं. “झाकायला. लग्नात मी मागचं पाण्याचं पिंप झाकतो हिनं.” सगळं जुळल्यावर हेडक्लार्कांनी सवयीनं मूळ डावीकडे, नक्कल उजवीकडे लावून बघितली. बॉल आत जात होता. सव्वीस वर्षं ते जे सांगत आले ते आज पहिल्यांदाच त्यांना स्वतःला दिसलं, आणि त्यांनी तो शेवट आणखी तीनदा लावायला सांगितला. दुकानदारानं पाण्याचा ग्लास पुढे केला. लग्नाच्या धंद्यात त्याला त्याची सवय असावी.

रविवारी साडेदहाला गणपूर्ती होऊन वर माणसं उरली. नाना इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते, हात गुडघ्यांवर, निकाल ऐकायला आलेल्या विद्यार्थ्यासारखे. ‘फोनवरून चित्र नीट येत नाही’ असं लेकीला सांगून हेडक्लार्कांनी दुकानातून आणलेला पेनड्राइव्ह प्रोजेक्टरला लावला. दिवे मालवले. चादरीवर जुनं, जरा पिवळट, मुंग्या आलेलं चित्र उमटलं, आणि नाना पुटपुटले, “अरे, हा एवढा उंच होता?” डावऱ्याला त्यांनी पालथं व्हायच्या आधी पाहिलं होतं तेवढंच. पुढचे पावणेदोन तास त्यांनी डोळ्यांची पापणी लववली असेल तर शपथ. मधेच मुलाकडे वळून म्हणत, “हे तू सांगितलं होतंस! हा आपटला ते सांगितलं होतंस!” आणि हेडक्लार्कांना प्रत्येक वेळी वाटे, इथेच वीज जावी.

वीज गेली नाही. चार सेकंद उरले. बॉल डावऱ्याकडे. अख्खा हॉल एका सुरात मोजू लागला. डावऱ्या उडाला, आणि बॉल आत गेला! सोनेरी वेलबुट्टी फुलली, हिरवे नाचू लागले, आणि दुकानदाराला राहवलं नसावं, कारण वरून गुलाबाच्या पाकळ्याही पडल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. शिवणकामवाल्या काकू डोळे पुसत होत्या.

नाना टाळ्या वाजवत नव्हते.

“मागे घे,” ते नातीला म्हणाले. तिनं घेतलं. “पुन्हा.” पुन्हा घेतलं. “थांबव. तिथेच.”

चित्र थांबलं. डावऱ्या हवेत होता. त्याच्या पाठीमागे, कडीच्या वर, तिकडच्या मैदानाचं मोठं घड्याळ होतं. दुकानदारानं खालची पट्टी झाकली होती. हे वरचं त्याच्याही लक्षात आलं नव्हतं आणि ओळीन् ओळ चाचपणाऱ्यांच्याही. त्यावर सात मिनिटं बेचाळीस सेकंद उरलेले दिसत होते.

“चार सेकंद होते,” नाना म्हणाले. “सात मिनिटं कुठून आली?”

“तिकडे वेळ आपल्यापेक्षा वेगळी असते नाना,” इन्शुरन्सवाल्यांनी समजावलं.

“घड्याळ मागे गेलंय,” नाना म्हणाले. तो निरीक्षकाचा आवाज होता. ते वळून मुलाकडे बघत राहिले. “काय रे?”

चोपन्न वर्षांचे हेडक्लार्क उभे राहिले. त्यांनी काही चांगली वाक्यं मनाशी जुळवून ठेवली होती. त्यांतलं एकही तोंडात आलं नाही. “नाना,” ते म्हणाले, “तो बॉल आत गेला नव्हता. आपण हरलो होतो. मी खोटं सांगितलं.”

कुणी दिवे लावले कोण जाणे. सेक्रेटरी इतिवृत्ताची वही उघडून बसले होते, त्यांनी पेनाचं टोपण हळूच लावलं. इन्शुरन्सवाले उठून म्हणाले, “अहो, मी त्या बॉलवर पेन्शनची नोकरी सोडली!” काकू म्हणाल्या, “मग? एजन्सी बुडाली का तुमची?” “बुडाली नाही, पण…” असं म्हणून ते खाली बसले, आणि बराच वेळ त्या ‘पण’चा विचार करत राहिले. नाना एवढंच म्हणाले, “खरं लाव.”

लेकीनं फोनवरून खरं लावलं. बॉल एकदा फिरला, दोनदा फिरला, बाहेर पडला. समोरची टीम एकमेकांच्या अंगावर कोसळली. डावऱ्या कमरेवर हात ठेवून कडीकडे बघत उभा राहिला. मग त्या गर्दीत शिरून त्यानं एकेकाशी हात मिळवला, बाकावर जाऊन बसला आणि डोक्यावरून टॉवेल ओढून घेतला. कॅमेरा त्याच्यावरून हलेना. नाना उठले आणि घरी गेले.

जेवताना त्यांनी फक्त मीठ मागितलं. हेडक्लार्कांना वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. चार वाजता नानांनी हाक मारली. ते खिडकीशी बसले होते.

“बस. त्या दिवशी तू उड्या मारल्यास. पंखा डोक्याला लागता लागता राहिला म्हणालास.”

“हो.”

“तेव्हा समोर हरलेलं दिसत होतं.”

“हो.”

“मग आत गेलास. नळ बराच वेळ चालू होता. मला वाटलं, पाणी भरतोयस.”

“नाही,” हेडक्लार्क म्हणाले.

“टीम दोघांची होती ना रे?” नाना म्हणाले. आवाज निरीक्षकाचा नव्हता. “सहा सामने आपण दोघं होतो. मग हरताना मला का नाही बरोबर घेतलंस? आई गेली तेव्हाही असंच. मला खुर्चीत बसवून ठेवलंस आणि सगळं एकट्यानं करत राहिलास. मी काय काचेचा होतो?”

“तुम्ही हसलात नाना,” हेडक्लार्क म्हणाले. “अकरा महिन्यांनी हसलात. मग मला परत…” आणि एकोणतीस वर्षं कुणापुढे ज्यांनी चष्मासुद्धा काढला नव्हता, ते वडिलांच्या खुर्चीचा हात धरून ढसाढसा रडायला लागले. कशासाठी ते त्यांनाही धड सांगता आलं नसतं. थोडं आईसाठी, बरंचसं त्या बॉलसाठी. नानांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांचेही डोळे वाहू लागले. बायको चहा घेऊन दाराशी आली होती, ती तशीच मागे फिरली.

मग नानांनी नाक पुसलं. “त्या डावऱ्याचं पुढे काय झालं?”

“खेळला.”

“तुला काय माहीत? चॅनल तर गेलं होतं.”

“कचेरीत पेपर येतो. त्यात दोन ओळी यायच्या.” हेडक्लार्कांनी हे आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. “मी बघायचो.”

“मग जिंकला?”

“नाही. फायनलला परत पोचलेच नाहीत.”

“एकदाही?”

“नऊ वर्षं खेळला तो नाना त्यानंतर. एकदाही नाही.”

“खरं सांगतोयस?”

“खरं.”

“नऊ वर्षं,” नाना म्हणाले. त्यांनी बोटांवर मोजून बघितलं. “तो बॉल बाहेर पडल्यावर नऊ वर्षं रोज जाऊन बॉल टाकत राहिला?” मग ते एकदम मुलावर उखडले, त्या दिवसात पहिल्यांदाच. “अरे गाढवा! हे तू मला सव्वीस वर्षं सांगितलं नाहीस? हे सोडून नुसता एक बॉल सांगत बसलास?”

ते उठले. चपला घातल्या. जिन्यात इन्शुरन्सवाले अजून आपला ‘पण’ घेऊन पायरीवर बसले होते. वरून शिवणकामवाल्या काकू चादर घडी करत उतरत होत्या. नानांनी दोघांनाही थांबवलं, कठड्याला टेकले आणि इन्शुरन्सवाल्यांच्या गुडघ्यावर थाप मारली.

“बॉल आत गेला नाही,” ते म्हणाले. “आता पुढचं ऐका.”